नोजबँड (नाकावरून बांधायचा, तोंड बंद ठेवणारा पट्टा) अजून दोन भोकं आवळू का? घोडा तोंड उघडतोय

रिकीब

सहा वर्षं घोडेस्वारी करतेय, गेली दोन वर्षं ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करवून घ्यायच्या स्पर्धांत उतरतेय. घोड्याचं नाव बादल, नऊ वर्षांचा, खच्ची, स्वभावाने अगदी गरीब. तीन महिन्यांपासून डावीकडे वळताना तोंड उघडतो, शेपूट सपासप मारतो, कान मागे टाकतो. सर म्हणाले, "माजलाय. नोजबँड दोन भोकं आवळ." आवळला. तोंड बंद झालं, त्या दिवशी गुणही बरे पडले.

परत ठाणावर आणून पट्टा सोडला तर नाकाच्या हाडावर करंगळी बसेल अशी खळी पडलेली, केस घामाने चिकटून उलटे बसलेले. अंगठ्याने चोळायला गेले तर त्याने डोकं माझ्या छातीत खुपसलं आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. सकाळी त्याच्या आयाळीच्या वेण्या घालायला मला पावणेदोन तास लागले होते. खुरांना तेल लावलं, माझ्या बुटांना पॉलिश केलं, पांढऱ्या ब्रीचेसवर डाग पडू नये म्हणून वर दुसरी पँट चढवली. त्याच्या तोंडात डोकावायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून झोप लागत नाहीये.

पागेत सगळे म्हणतात मी फार हळवी आहे. खरंच तसं आहे का? आणि पट्टा किती घट्ट चालतो?

ऑक्सर

हळवेपणा नाही, पण व्यवहारही बघा. पट्टा सैल केलात की घोडा तोंड उघडणार आणि गुण जाणार. मी जंपिंग करतो. अडथळा पार करून खाली उतरलेला पाचशे किलोचा घोडा लगेच पुढच्या अडथळ्याकडे वळवायचा, तर ताबा लागतोच. घट्ट बांधणारा प्रत्येक जण क्रूर नसतो. माझे घोडे मी पोटच्या पोरांसारखे सांभाळतो.

जुना मोतद्दार

ऑक्सर, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. माया असलेल्या माणसालाही घोडा चुकीचा वाचता येतो, दुखणं तिथेच आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच खेळांच्या स्पर्धेत, काय झालं आठवा. त्या खेळात अनोळखी घोडा चिठ्ठीने मिळायचा आणि ओळख करून घ्यायला फक्त २० मिनिटं असायची. घोडा पुढे जायला तयार नव्हता. त्याच दिवशी आधीच्या स्वारालाही त्याने नकार दिला होता. तरी स्वार रडत रडत चाबूक मारत राहिली आणि तिच्या कोचने त्याला मूठ मारली. घोडा 'नाही' म्हणतोय हे साऱ्या जगाला दिसलं, त्या दोघींना तो हट्ट वाटला. पॅरिस २०२४ नंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली.

ड्रेसाजमध्ये तर वर्षानुवर्षं गुणपत्रिकेत 'सबमिशन' असा रकाना होता, म्हणजे शरण येणं. आणि त्याच खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत उद्दिष्ट काय, तर घोडा 'आनंदी खेळाडू' व्हावा! तोंड पट्ट्याने बांधून घोडा आनंदी आहे की नाही, कसं कळणार?

रिकीब, पट्टा सैल कर. गुण गेले तर जाऊ देत.

पशुवैद्य

पट्टा नाकाच्या हाडावर तपासा, गालावर नाही. गाल मऊ असतो, तिथे बोटं कशीही शिरतात. हाडावर दोन बोटांची जागा हा जुना नियम आहे. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बोटांऐवजी मोजपट्टी आली, कारण बोटं प्रत्येकाची वेगळी.

खोगीर चढवलेल्या घोड्याचं दुखणं ओळखायला २४ वर्तनांची एक यादी आहे. मागे दाबलेले कान, शेपटीचे फटके, वारंवार उघडणारं तोंड ही तिन्ही त्यात येतात. आठ किंवा जास्त दिसली तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. रोजच्या सरावाचा व्हिडिओ काढा आणि शांतपणे मोजा.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो का, तेही बघा. त्याला 'खोड' म्हणून सोडून देतात, पण पोटात अल्सर असू शकतो. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर पाझरतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. स्पर्धेच्या दिवशी तासन्‌तास वैरण न देणं म्हणूनच घातक आहे. पण एकाच बाजूला त्रास असेल तर पहिली शंका दातांची. त्यानंतर पाठ आणि खोगीर.

रिकीब

नऊ दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांनी गुंगी देऊन, जबडा उघडून टॉर्च धरला आणि मला आत बघायला लावलं. डाव्या वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, आणि गालाच्या आतल्या बाजूला दोन जखमा. एक जुनी, कडांनी पांढरी पडलेली. पट्टा आवळला की गाल नेमका त्या कडांवर दाबला जात होता. म्हणजे तो दुखतंय म्हणून तोंड उघडत होता आणि मी ते बंद करत होते.

कानस मारून कडा घासल्या. दोन आठवडे कडियाळी (तोंडात घालायचा लगामाचा भाग) बंद, तोंडात काही न घालता नुसत्या मोरकीवर फिरवतेय. काल पहिल्यांदाच डावीकडे वळताना शेपूट हलली नाही. पुढच्या स्पर्धेतून नाव काढून घेतलंय. सरांना सांगितलं तर म्हणाले, वर्ष फुकट जाईल. जाऊ दे.

मोतद्दार काका, कडियाळी परत घालायची सुरुवात कशी करू?

जुना मोतद्दार

डॉक्टरांनी जखम भरल्याचं सांगेपर्यंत हातसुद्धा लावू नकोस. मग कडियाळी हातात घेऊन तळहाताने कोमट कर, त्याच्या ओठांपाशी धर आणि थांब. मान फिरवली तर ठेवून दे, खरारा कर, दुसऱ्या दिवशी परत धर. आपण होऊन तोंड पुढे करेल तेव्हा घाल. नोजबँड तेव्हाही नको, घरीच राहू दे.