सहलीआधी लेकरांना ‘नाइट ॲट द म्युझियम’ दाखवावा का?

तेरणाकाठ
धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सहल न्यायची असेल, तर आदल्या दिवशी हा सिनेमा वर्गात जरूर दाखवा. २००६ चा आहे, १०८ मिनिटांचा. लॅरी संग्रहालयातला रात्रपाळीचा नवा पहारेकरी, आणि तिथल्या वस्तू रात्री जिवंत होतात. पहिल्याच रात्री हूणांचा राजा अटिला, माकड, डायनासोरचा सांगाडा त्याच्या नाकी नऊ आणतात, कारण समोर कोण उभं आहे तेच त्याला ठाऊक नसतं. मग तो वाचून येतो. संग्रहालयात तयारीनं जावं हे लेकरांना पटवायला याहून चांगलं काय आहे?

खापराचा तुकडा
माझा विरोध आहे. सिनेमातल्या न्यूयॉर्कच्या संग्रहालयात दारातच टी-रेक्स दिसतो. खऱ्या संग्रहालयात तो चौथ्या मजल्यावर आहे, दारात बॅरोसॉरस आहे. आतलं बरंचसं चित्रीकरण सेटवर झालंय. तेरला तर तळहातावर मावतील अशा मूर्ती, मणी, खापरं. डायनासोर डोक्यात घेऊन आलेलं पोरगं पाच मिनिटांत ‘सर, झालं बघून’ म्हणतं. दुसरं, सिनेमात बहुतेक नाववालेच बोलतात: अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट, अटिला, इजिप्तचा राजा फॅरो. तेरच्या वस्तू ज्यांनी घडवल्या आणि वापरल्या, त्यांची नावंच उरलेली नाहीत.

पाटी-पेन्सिल
म्हणूनच तर लेकरांना त्या वस्तूंच्या तोंडी बोलणं लिहायला लावा. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येक गटाला एकच वस्तू, पंधरा मिनिटं. आधी चित्र, मगच लिखाण. चित्र काढताना नजर थांबते, कानातलं, केसांची गुंफण दिसायला लागते. शाईचा पेन नको, फ्लॅश नको. काचेवर चकाकी आली तर थोडं बाजूला सरकून तिरकं बघायचं. चाळीस जण एकदम आत सोडलेत तर मागच्यांना फक्त पाठी दिसतील. निम्मे आत, निम्मे त्रिविक्रम मंदिरात. बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तो वार टाळा.

हमखास बिघडतं ते असं: लेकरं तिथल्या मातीच्या प्रत्येक बाहुलीला राणी करतात आणि राजवाड्याची गोष्ट लिहितात. तेव्हा बाहुलीची कड दाखवा. केओलिनच्या पांढरट मातीच्या या बाहुल्या दुहेरी साच्यातल्या. पुढचा अर्धा, मागचा अर्धा, मध्ये पोकळी, कडेला सांधा. पोकळ वस्तूला हवा जायला भोक नसेल तर भट्टीत ती फुटण्याची भीती. साचा आला म्हणजे एकसारख्या अनेक निघाल्या, बाजारात गेल्या. राणीऐवजी कारागीर आणि गिऱ्हाईक बोलायला लागतात.

खापराचा तुकडा
हे सगळं मान्य. पण यात सिनेमा कुठं लागला? ते पावणेदोन तास शाडूची बाहुली करण्यात घालवा. साच्याला आतून राख भुरभुरा, नाहीतर माती चिकटून नाक-डोळे साच्यातच राहतात. जाडी सगळीकडं सारखी ठेवा, वाळवण सावलीत. उन्हात ठेवली की वरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो. ज्याच्या हातून सांधा उकललाय, तो काचेसमोर आपोआप थांबतो.

तेरणाकाठ
सिनेमातला चिमुकला रोमन सेनापती ऑक्टेव्हियस विसरलात. रोमन म्हटलं की लेकरांना आता चेहरा आठवतो. तिथून पुढं ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात तगर, म्हणजे आपलं तेर येतं. इथलं कापड गुजरातच्या भडोच बंदराला जायचं आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईला सापडली, इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली. एवढा धागा नुसत्या शाडूतून हाती लागत नाही.

खापराचा तुकडा
ऑक्टेव्हियस लढाईचा माणूस, तेरचं नातं व्यापाराचं. सिनेमा आधी दाखवलात तर लेकरं इथं तलवारी शोधतील. दाखवायचाच तर सहलीनंतर दाखवा, आणि ‘यात तेरची कोणती वस्तू घातली असती, ती काय बोलली असती?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा.

पाटी-पेन्सिल
नंतरच बरा. फक्त दुसऱ्याच दिवशी दाखवा, आठवडा गेला की चित्रातलं कानातलं कुणाचं होतं तेही आठवत नाही.