‘स्केल’ म्हणजे पट्टी की थाट?

सहावी तार
दोन वर्षं गिटार शिकतोय. सध्या कार्लोस सान्तानाच्या मागे लागलोय. ‘ओये कोमो वा’मधली त्याची गिटार ऐकून तो कोणतं स्केल वापरतो ते शोधत होतो. आमच्या सोसायटीत पेटी वाजवणारे एक काका आहेत. त्यांना गाणं ऐकवून विचारलं, “काका, याचं स्केल काय?” त्यांनी दोन-तीन सूर दाबून पाहिले आणि म्हणाले, “पांढरी सहा.” मी म्हटलं, “अहो, डोरियन ना?” तर म्हणे, “तो कोण?”
मराठीत ‘स्केल’चा नक्की अर्थ काय? आणि गिटारवाले ज्याला स्केल म्हणतात त्याला आपल्याकडे शब्द आहे का?

काळी दोन
काका बरोबर आहेत आणि तुम्हीही. घोळ शब्दात आहे.

आपल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत ‘स्केल’ म्हणजे षड्ज (सा) कुठे धरलाय ते. ‘स्केल चेंजर’ पेटी म्हणतात ती त्याच अर्थाने, तिथे बदलतो तो फक्त सा. याला चांगला मराठी शब्द आहे, पट्टी. ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ म्हणतो ती हीच. पांढरी एक म्हणजे गिटारवाल्यांचा सी, त्यामुळे पांढरी सहा म्हणजे ए. त्या गाण्याचा सा खरंच तिथे आहे. (शाळेत फूटपट्टीलाही आपण स्केलच म्हणायचो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिडी, तेव्हा नातं अगदीच लांबचं नाही.)

गिटारवाल्यांच्या स्केलचा प्रश्न वेगळा: सा ठरल्यावर पुढचे सूर कोणते? त्याला जवळचा शब्द थाट. ‘ओये कोमो वा’ मूळ टिटो प्वेंतेचं, सान्तानाने १९७०च्या ‘अब्राक्सस’मध्ये घेतलं. जवळपास सगळं गाणं दोन कॉर्ड्सवर (एकत्र छेडलेल्या सुरांच्या जुळण्यांवर) झुलतं, ए मायनर सेव्हन आणि डी नाइन. पहिल्यातून मिळतात सा, कोमल ग, प, कोमल नि. दुसऱ्यात एफ शार्प आहे, तो आपला शुद्ध धैवत (ध). म्हणजे ग-नि कोमल, बाकी शुद्ध. भातखंड्यांच्या दहा थाटांत हा सरळ काफी. तुमचा डोरियन तो हाच. धैवत कोमल असता तर आसावरी झाला असता, आणि गाण्याचा तोंडवळाच बदलला असता.

ओळखायची रीतही तीच: आधी सा पकडा, मग ग, ध, नि तपासा. रे आणि म बहुतेक वेळा मागोमाग कळतात.

खर्ज
थोडं थांबा. थाटाला सात स्वर लागतात. सान्ताना गिटारवर मुख्यतः पाचच वाजवतो, सा ग म प नि, ग-नि कोमल. धैवत आणि रिषभ मधूनच डोकावतात. ही पाच सुरांची चौकट म्हणजे आपल्याकडचा धानी राग. गिटारवाले त्यालाही स्केलच म्हणतात, पण तुम्ही थाट म्हणू शकणार नाही. आपला शब्द औडव.
आणि १९९९च्या ‘स्मूथ’चं काय? तिथे ए मायनरसोबत एफ आणि ई सेव्हन येतात, म्हणजे कोमल ध आणि शुद्ध नि. हा तर किरवाणी राग. दहा थाटांत त्याला जागाच नाही.

काळी दोन
मान्य. म्हणूनच ‘जवळचा’ म्हटलं. कर्नाटक पद्धतीचे ७२ मेल (त्यांच्याकडचे थाटच) घेतले तर किरवाणी एकविसावा सापडतो, पण ‘हे गाणं कोणत्या मेलमध्ये आहे?’ असं विचाराल तर लोक इनबॉक्स उघडतील.

गंमत म्हणजे थाट हा मुळात तंतुवाद्यांच्या पडद्यांच्या मांडणीचा शब्द. राग बदलला की पडदे सरकवावे लागतात ती सतार चल थाटाची, सगळ्या सुरांचे पडदे असल्याने सरकवावे लागत नाहीत ती अचल. त्या हिशेबाने तुमची गिटार अचल थाटाची!

पण तुम्ही शोधताय ते थाटात सापडणार नाही. काफी थाटात बागेश्री रागही आहे आणि भीमपलासही, दोन्ही ऐकताना कुणाची गल्लत होत नाही. सान्ताना दोन सुरांत ओळखू येतो तो त्याच्या आसेमुळे. आस म्हणजे छेडलेल्या तारेचा मागे रेंगाळणारा नाद, ज्याला तुम्ही सस्टेन म्हणता. तो एक सूर धरून ठेवतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला मरू देत नाही. मग तार ओढून केलेली मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं), शेवटी हलकं आंदोलन. वडील मेक्सिकोच्या मारियाची लोकसंगीत परंपरेतले व्हायोलिनवादक, आणि हा सुद्धा आधी व्हायोलिनच शिकला. गजाने सूर लांबवायची सवय बोटांत उतरली असावी, हा आपला माझा तर्क. या सगळ्याला मिळून आपल्याकडे शब्द आहे, बाज.

म्हणून माझं मत: सा साठी पट्टी म्हणा, सात सुरांच्या चौकटीला थाट म्हटलं तरी चालेल, आणि ‘सिग्नेचर साउंड’ला बाज. नुसतं ‘स्केल’ म्हणाल तर समोर पेटी आहे की गिटार ते आधी बघा.

खर्ज
‘बाज’ला माझंही मत. ‘थाट’ला अजून नाही.

सहावी तार
दोघांचे आभार. काल काकांना नीट सांगितलं, “पट्टी पांढरी सहा, थाट काफी.” त्यांनी पेटीवर वाजवून पाहिलं, “धैवत शुद्ध आहे खरा,” म्हणाले. मी धरलेल्या दोन कॉर्ड्सवर मग अर्धा तास त्यांचा भीमपलास चालला होता. मला थांबताच येईना.