मदत हवी आहे: झिंक सेल, प्रकाशात क्षमता वाढते पण कॅथोड (धन टोक) टिकत नाही

विद्युतघट:
पॉलिअ‍ॅनिलिनचा कॅथोड (हे वीज वाहणारं पॉलिमर), ऋण टोकाला जस्ताचा पत्रा. दिवा लावला की क्षमता वाढते, पण १५-२० सायकलींत (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांत) उतरते आणि द्रावण पिवळं पडतं. अंधारात असं होत नाही. लवकर सांगा, सेल उघडून बसलोय.

तिसरा_इलेक्ट्रोड:
द्रावण कुठलं, पीएच किती, चार्जिंग किती व्होल्टपर्यंत, दिवा कुठला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

विद्युतघट:
२ मोलर झिंक सल्फेट, १.७ व्होल्ट, झेनॉन दिवा. पीएच मोजला नाही.

तिसरा_इलेक्ट्रोड:
१.७ फार झाले. पॉलिअ‍ॅनिलिन पूर्ण ऑक्सिडाइज झालं की पाण्यात त्याची साखळी तुटते आणि बेंझोक्विनोन सुटतं. पिवळेपणा बहुधा त्याचाच. शिवाय प्रकाशाने तयार होणारे होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरणाऱ्या धन जागा) ऑक्सिडेशनमध्ये भर घालतात. १.५ वर थांबा.

थर्मोकपल:
क्षमता प्रकाशानेच वाढली कशावरून? झेनॉनखाली सेल तापतो. दिव्यापुढे पाण्याने भरलेली काचपेटी ठेवा, म्हणजे उष्णता पाण्यात अडेल, आणि अंधारातली चाचणी त्याच तापमानाला घ्या.

तिसरा_इलेक्ट्रोड:
पिवळेपणाचं विचारलंय, तापमानाचं नाही.

थर्मोकपल:
साखळी तुटणंही तापल्यावर वेगाने होतं! व्होल्टेज स्थिर धरा, दिवा १० सेकंद चालू, १० सेकंद बंद. करंट लगेच उडी मारून लगेच खाली आला तर प्रकाश. सावकाश चढत गेला तर उष्णता.

मँगनीजवाला:
सेंद्रिय हवंच कशाला? मँगनीज डायऑक्साइड घ्या, द्रावणात ०.१ मोलर मँगनीज सल्फेट घाला, सुखी व्हा.

विद्युतघट:
मँगनीज नको, विषय प्रकाशाचा आहे. पट्टीवर पीएच ५.५ च्या पुढे दिसतोय. पत्र्यावर पांढरे पापुद्रेही आहेत.

गंजशास्त्र:
मग तेही घ्या हिशेबात. ताज्या द्रावणाचा पीएच साधारण ४ ते ५ असतो. जस्त गंजताना हायड्रोजन सुटतो, पीएच चढतो. पापुद्रे बहुधा बेसिक झिंक सल्फेटचे. पीएच चढला की पॉलिअ‍ॅनिलिनमधले प्रोटॉन जातात, वाहकता पडते. पत्रा घासून घ्या, द्रावण ताजं भरा.

तिसरा_इलेक्ट्रोड:
पण आधी फक्त व्होल्टेज बदला. सगळं एकदम बदललंत तर काय लागू पडलं ते कळणार नाही. आणि थर कशावर दिलाय? त्यात कार्बन ब्लॅक (वाहकतेसाठी घालतात ती काळी पूड) किती? तोच प्रकाश गिळत असेल.

विद्युतघट:
कार्बन कापडावर. कार्बन ब्लॅक २० टक्के. उद्या १.५ वर लावतो.

थर्मोकपल:
थर्मोकपल (तापमान मोजायची तार) सेलच्या काचेला चिकटवा, बाकावर ठेवू नका.