घटातल्या धान्याला बुरशी का धरते?

प्रश्न: रविवारी घटाची माती आणायची आहे. गहू-ज्वारी छान उगवते, पण चौथ्या माळेपासून पांढरी बुरशी दिसते. काय चुकतं?

– पाणी जास्त होतंय. आपली सोलापूरची काळी माती वरून कोरडी दिसली तरी आत चिखल असतो. माती वाळवून चाळा, चार भागांना एक भाग वाळू मिसळा. पत्रावळीवर दोन इंचांचा थर पुरे.

– घट रंगवलेला नको, रंगानं छिद्रं बुजतात. साधा घट आपोआप झिरपतो. वरून नुसतं हातानं शिंपडा.

– फुटके, किडके दाणे आधी निवडा, बुरशी तिथूनच सुरू होते. दाट पेरू नका, हवा खेळत नाही. आणि माळ वर टांगा. ओली फुलं मातीला टेकली की कुजलीच!