पाच नोव्हेंबर, गावभागातल्या आमच्या ग्रुपवर

ब-२०४ वहिनी, सकाळी ६.४०
शुभ सकाळ 🙏 आजचा दिनविशेष. ५ नोव्हेंबर २०२५, बुधवार. त्रिपुरारी पौर्णिमा, गुरू नानक जयंती. जागतिक सुनामी जागरूकता दिन. १५५६: पानिपतची दुसरी लढाई, अकबराच्या फौजेकडून हेमूचा पराभव. १८७०: देशबंधू चित्तरंजन दास यांचा जन्म. १९८८: विराट कोहलीचा जन्म. २०११: भूपेन हजारिका यांचे निधन. २०१३: मंगळयानाचे उड्डाण. मराठी रंगभूमी दिन.

क-३०२ दादा
🙏🙏

अ-४०१ ताई
आणि आपल्या माईंचा वाढदिवस! ८२ पूर्ण. माई, नमस्कार करायला संध्याकाळी येतेच.

अप्पा (अ-१०३)
माईंना उदंड आयुष्य लाभो.
वहिनी, यादी चांगली आहे, पण रंगभूमी दिन अगदी तळाला गेलाय. दुसऱ्या कुठल्या गावात चाललं असतं, सांगलीच्या ग्रुपवर नको. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' आपल्या गावात केलं, म्हणून तर हा दिवस. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर कानड्यातली भागवत मंडळी इथं खेळ करून गेली होती. ते बघून आपले संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आलं, की असं मराठीत व्हायला पाहिजे. काम सोपवलं भाव्यांवर. ते तेव्हा विशीतले होते.

ब-२०४ वहिनी
अप्पा, यादी जशी आली तशी पुढं पाठवली. उद्यापासून आपल्या गावचं वर घेते.

ब-२०४ (वहिनींचा मुलगा, आईच्या फोनवरून)
अप्पा आजोबा, त्याची स्क्रिप्ट आहे का कुठं? शाळेत पाच मिनिटं बोलायचंय.

अप्पा (अ-१०३)
बाळा, आता छापतात तशी संहिता तेव्हा नव्हती. पदं रचलेली असायची. सूत्रधार मागं साथीदार घेऊन ती म्हणायचा आणि पात्रं त्या अर्थाची भाषणं आयत्या वेळी करायची. आधी गणपती यायचा, मग मोरावर बसून सरस्वती. राक्षस आला की आरडाओरडा करत नाचायचा, त्यावरून या खेळांना 'अललडुर्र' म्हणायला लागले. शाळेत हा शब्द जरूर सांग, पोरं विसरणार नाहीत. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. पुढं रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा चालत्या केल्या.

क-३०२ दादा
अप्पा, एक सांगू का? 'पहिलं मराठी नाटक' असं मुलाला सांगायला नको. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या शतकाच्या शेवटीच मराठीत नाटकं लिहिलीत.

अप्पा (अ-१०३)
खरं आहे, आणि ते सांगायलाच हवं. १८५५ मध्ये जोतीरावांनी लिहिलेलं 'तृतीय रत्न'सुद्धा सांगावं. ते सगळं लिहिलेलं नाटक होतं, पण दक्षिणा प्राइझ कमिटीनं नाकारलं. मग भाव्यांचं मोठेपण कशात? अप्पासाहेब १८५१ मध्ये गेले. आश्रय तुटल्यावर भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव खेळ लावले, १८५३ मध्ये मुंबईत केले. राजवाड्यातलं नाटक लोकांत आलं ते त्या पायपिटीनं. मला तरी त्यांचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं.
आमचे वडील गणपती पेठेत हळदीची पोती उचलायचे. अक्षरओळख नव्हती. पण भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेत बसून ऐकलेली पदं त्यांना तोंडपाठ. मी झोपलो की खांद्यावर टाकून आणायचे आणि वाटभर गुणगुणायचे. त्यांच्या सदऱ्याला हळदीचा वास असायचा. अजून कुठं पेटी वाजली की मला तोच वास येतो.

अ-४०१ ताई
अप्पा, वाचून डोळ्यात पाणी आलं.

क-१०२ काका
सुनामी दिनाचा आपल्याशी काय संबंध पण? समुद्र कुठं, आपण कुठं.

अ-४०१ ताई
काका, संबंध आहे. १८५४ मध्ये जपानच्या किनाऱ्यावरच्या एका गावात भूकंप झाला आणि अंधारात समुद्र चढायला लागला. हामागुची गोर्यो नावाच्या माणसानं भाताच्या गंज्या पेटवल्या, म्हणजे त्या उजेडात लोकांना उंचावरची वाट दिसावी. ती तारीख ५ नोव्हेंबर म्हणून सांगतात, म्हणून २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस निवडला.
आता २०१९ चा ऑगस्ट आठवा. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आपल्या तळमजल्यात पाणी शिरायच्या आधी रात्री दीड वाजता दारोदार थापा मारत कोण फिरलं? आपले वॉचमन मामा. त्यांचं स्वतःचं घर नदीकडेला होतं.

क-१०२ काका
बरोबर आहे ताई. माझ्याच दारावर पहिली थाप पडली होती. हे मी आठवणीत ठेवायला हवं होतं.

ब-२०४ (मुलगा)
मंगळयान ४५० कोटींत झालं आणि पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेलं. सरांनी शिकवलंय.

माई (ब-१०१, सुनेनं लिहून घेतलं)
सगळ्यांना आशीर्वाद. माझा जन्म १९४३ चा. त्या वर्षी सांगलीत नाटकाची शताब्दी झाली, सावरकर अध्यक्ष होते. माझे वडील मांडवात. मुलगी झाल्याचा निरोप गेला, तरी रात्री उशिरा घरी आले. आईनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. हे आईच सांगायची, आणि सांगताना हसायची. दरवर्षी आज भावे पदक देतात, त्या कार्यक्रमाला मी बरीच वर्षं गेले. मागची तीन वर्षं गुडघ्यामुळं चुकली.

अप्पा (अ-१०३)
माई, यंदा चुकवायचं नाही. आधी घाटावर त्रिपूर लावू, मग तिथनंच कार्यक्रमाला.

ब-२०४ वहिनी
वाती माझ्याकडं आहेत. तेल कुणीतरी आणा.

क-१०२ काका
तेल मी आणतो. माईंना घाटाच्या पायऱ्या उतरवायच्या नाहीत, वरच खुर्ची टाकू. रिक्षा सांगितली आहे, सव्वापाचला गेटवर. मामांनाही बरोबर घेतोय, गेटवर तेवढा वेळ माझा मुलगा बसेल.