फेब्रुवारीच्या बजेटला मागच्या मार्चपर्यंतचे आकडे?

शिवडीकर :
मुंबईची हवा बिघडते ती नोव्हेंबर ते जानेवारीत. वारा पडतो, धूळ जमिनीलगतच साचून राहते. पालिकेचा पर्यावरण स्थिती अहवाल मात्र ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचा, आणि तो मांडायची मुदत ३१ जुलै. बजेट येतं फेब्रुवारीच्या सुरुवातीला. म्हणजे धूळ रोखायला किती पैसे ठेवायचे हे ठरवणाऱ्यांच्या हातातल्या अहवालात चालू हिवाळा नसतोच, असतो तो मागचा. तेवढ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन टॉवरचं खोदकाम सुरू झालं. आई सकाळी खिडकीची कड पुसते, दुपारी बोट फिरवलं की करडी रेघ उठते. तिला दमा आहे. अहवाल दर महिन्याला वॉर्डनिहाय अद्ययावत व्हावा आणि डिसेंबरचे आकडे जानेवारीतच स्थायी समितीपुढे जावेत, असं माझं ठाम मत आहे.

गाळणकागद :
विरोध आहे, दादा. मी अठरा वर्षं प्रयोगशाळेत धूळ मोजली. हातानं मोजणी असते तिथं आठवड्यातून दोन दिवस नमुना घेतात, वर्षाला १०४. हवा गाळणारा कागद कोरडा करून वजन करायचं, धूळ बसली की पुन्हा कोरडा करून वजन. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि वजन फुगतं. असा एक आकडा मी घाईनं वर पाठवला होता. फेरवजनात तो चुकीचा निघाला, तोवर टिपणीत जाऊन बसला होता. ते अजून खुपतं. स्वयंचलित यंत्रांनाही कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर दाखवतंय ना याची जुळणी, लागतंच. एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, काढायलासुद्धा किमान १६ तासांच्या नोंदी लागतात. कच्च्या आकड्यावर बांधकाम बंद पाडलंत तर नाक्यावरच्या मजुराचा रोज बुडतो. उशीर परवडला, चूक नाही.

शिवडीकर :
ताई, उशीर ही पण चूकच आहे, फक्त ती कुणाच्या नावावर चढत नाही. आकड्यावर ‘तात्पुरता’ असा शिक्का मारा, पण द्या.

मिठीकाठची :
तुम्ही दोघं तारखेवर भांडताय, मला जागेची काळजी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. त्या दिवशी शहराची सरासरी काढली असती तर कुर्ल्यातल्या माणसाला तिचा काय उपयोग होता? हवेचंही तेच. आणि यंत्र बंद होतं ते दिवसही अहवालात दिसू देत. रिकामा रकाना बघून अधिकारी निदान विचारेल तरी.

गाळणकागद :
रिकाम्या रकान्याचं पटलं. तात्पुरता शिक्काही चालेल, पण दुरुस्त आकडा आला की जुना पुसायचा नाही. दोन्ही शेजारी राहू देत, तारखेसकट. मजुराच्या रोजाचं मात्र तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही, दादा.