‘फेल्टेड वूल’ला मराठीत काय म्हणायचं?

निपाणीची शिवणवाली
मंडळी, एका शब्दाशी अडलेय. सासऱ्यांचा लोकरीचा स्वेटर कसरीनं खाल्ला होता. टाकवेना, म्हणून कढत पाण्यात साबण घालून चांगला धोपटला. निम्म्यावर आला, जाडजूड झाला, विणीची घरं दिसेनाशी झाली. आता त्याची हातात धरायची पिशवी बेतायचीय. क्लासच्या मुलींना कृती लिहून द्यायचीय आणि पहिल्याच ओळीत ‘फेल्टेड वूल’. काय लिहू?

खडेबाजारचा शिंपी
नमदा लिहा की ताई. नाहीतर सरळ फेल्ट. मुलींना कळल्याशी मतलब.

शब्दखोर
नमदा फारसी ‘नमद’वरून आला, काश्मीरकडचा. आपल्या पट्ट्यात जेन आहे, बुरणूस आहे. पण ही सगळी न विणता होणारी कापडं. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळी करून दाबत, लाटत राहायचं. ताईंचा स्वेटर आधी विणलेला, मग घट्ट झालेला. इंग्रजीतले काटेकोर लोकही पहिल्याला फेल्टिंग आणि दुसऱ्याला फुलिंग म्हणतात. मूळ शब्दच जिथं ढिला वापरलाय, तिथं त्याचं भाषांतर कशाला करत बसायचं?

चिंचलीकर
मग घोंगडं चालंल का? आजोबांनी मायाक्काच्या जत्रेतनं आणलेलं अजून आहे आमच्यात. शेजारचे कानडी लोक त्याला कंबळी म्हणतात.

शब्दखोर
नाही हो काका. घोंगडं मागावर विणतात आणि चिंचोक्याच्या खळीनं कडक करतात. ताईंचं काम वेगळं. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. कापड आटतं ते त्यामुळं. मी तर म्हणेन, ‘आटवलेली लोकर’.

अक्षरवेडी
आटवतात ते दूध! चामड्यासारखं ‘कमावलेली लोकर’ कसं वाटतं? कमावल्यावर वस्तू टिकाऊ होते, हा अर्थही येतो त्यात.

खडेबाजारचा शिंपी
कमावलेली म्हटलं की मला कोल्हापुरी चपलाच दिसायला लागतात. आटणं आमच्या धंद्यातलंच आहे. मांजरपाट आटतो म्हणून आधी भिजवून मगच बेततो आम्ही. दूध आटवलं की घट्ट होतं, लोकरही तशीच, निम्मी होते आणि दाट होते. माझं मत आटवलेलीला.

निपाणीची शिवणवाली
मलाही तेच जिभेवर बसतंय. आता दुसरी अडचण. कातरल्यावर कडेला दशा सुटत नाहीत, म्हणून दुमड घालायचीच नाही. हे कसं सांगू? मी लिहिलंय ‘कडा दशा सोडत नाही’.

खडेबाजारचा शिंपी
छान आहे. पण अस्तर घाला हं, आटवलेली लोकर ओझ्यानं लोंबते. बंदाला बाही वापरा, दुहेरी करून. मशीनला सोळा नंबरची सुई लावा आणि टीप लांब घ्या, नाहीतर पाय अडतो.

अक्षरवेडी
स्वेटर खरा लोकरीचाच आहे ना, हे आधी बघायला सांगा मुलींना. मी एका दुकानातून ‘शुद्ध लोकर’ म्हणून घेतलेला स्वेटर तीनदा उकळला. रंग गेला, माप तेवढंच! मग एक धागा जाळून बघितला. लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता आणि राख चुरगळली असती. हा वितळला आणि टणक मणी झाला. ॲक्रिलिक. दुकानदाराकडं गेले तर म्हणतो, ‘लोकर म्हणजे विणायचा दोरा, बाई.’ आता हासुद्धा शब्दचर्चेचाच विषय नाही का?

शब्दखोर
आहेच की. बाजारात ‘लोकर’ आता विणायच्या कुठल्याही जाड दोऱ्याला म्हणतात. कृतीत ‘मेंढीची लोकर’ असं लिहिलेलं बरं.

चिंचलीकर
आणि पिशवीला काय म्हणणार? चंची म्हणा की. कानडीत संची.

निपाणीची शिवणवाली
काका, चंचीला पान, सुपारी, चुना असे कप्पे लागतात आणि ती गुंडाळून ठेवायची. ही उभी राहणारी आहे. बाजारात भाजीवाली कानडीत म्हणते ‘चीलदाग हाक्री’, म्हणजे पिशवीत घाला, तेव्हा मी पुढं करते ती पिशवीच. पर्स नको, पिशवीच ठेवते.

पहिली ओळ अशी केलीय: ‘मेंढीच्या लोकरीचा जुना स्वेटर कढत पाण्यात आटवून, सावलीत वाळवून घ्यावा.’ वाळल्यावर त्याला इस्त्री फिरवावी लागते का हो, शिंपीदादा? माझा अजून ओला आहे आणि काल रात्रीपासून पाऊस थांबलेला नाही.